ऐनाच्या पानामागचा मकरंद

झाडीपट्टीत ऐन ओळखायला कोणाला शिकवावं लागत नाही. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांची काळपट साल दिसली की झालं. आमच्या भागात त्याला येनही म्हणतात. सागाच्या जंगलात तो सागाचा सोबती, आणि भाताच्या बांध्यांमध्ये तो धुऱ्यावरचा राखणदार. पण साल न पाहता, नुसत्या पानावरूनही ऐन ओळखता येतो. पान उलटं करायचं. देठाजवळ, मधल्या शिरेच्या बुडाशी, एक किंवा दोन बारीक गाठी दिसतात. छोट्या देठावर उभ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत या गाठींची नोंद असते, पण ती ओळखीची खूण म्हणून. गाठ तिथे का आहे, हे त्या ओळीत नसतं.

ते पाहायचं तर मृगाच्या आसपास, पहिला पाऊस पडून गेल्यावर, सकाळी आठच्या आत धुऱ्यावर जावं लागतं. नवी पालवी तांबूस, लवदार असते. कोवळं पान हळूच वळवलं की त्या गाठीवर एक चमकता थेंब दिसतो, आणि बऱ्याचदा थेंबाला तोंड लावून एक मुंगी उभी असते. थेंब जिभेला लावला तर गोड लागतो. हा मकरंदच आहे. फक्त तो फुलात नाही.

झाड फुलात मकरंद का ठेवतं, हे शाळेत शिकलो. मधमाशीने यावं, परागकण न्यावेत, त्याचं ते वेतन. मग पानाच्या पाठीवर, जिथे ना पराग ना बीज, तिथे साखर वाटून झाडाला काय मिळतं? या प्रश्नाचं पुस्तकातलं उत्तर फार जुनं आहे. पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत त्या उत्तराला एक वेगळाच पदर आहे. ऐनाच्या त्याच पानावर इथली माणसं कोसा पिकवतात, आणि कोशाची अळी मुंगीचं भक्ष्य आहे.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो की मी विद्यापीठातला माणूस नाही. बारावीपर्यंत विज्ञान होतं, पुढे पुस्तकबांधणीचा धंदा. विद्यार्थ्यांचे प्रबंध बांधता बांधता वाचायची सवय लागली, आणि दहापट मोठं दाखवणारं एक भिंग हाती आल्यावर मुंग्यांची. पंधरा-सोळा वर्षांच्या वह्या साठल्या आहेत. सुरुवातीच्या वह्यांत सगळी फुलंच आहेत. कुठल्या फुलावर कुठली मुंगी, किती वाजता, काय करत होती. फुलांवरून पानांकडे मला वळवलं ते आरमोरीकडच्या एका म्हाताऱ्या कोसा उत्पादकाने. ऐनाच्या मोहोराकडे मान वर करून बसलेला पाहून ते म्हणाले, "भाऊ, फुलावर काय पाहून राह्यले? मुंग्या त् पानावर आहेत." मी म्हटलं, "बाबा, पानावर कशाला?" ते हसले. "थेच त् आमची कटकट आहे."

पण आधी फुलांचं सांगायला हवं, कारण फुलावर मुंगी दिसली की बहुतेकांना ती मधमाशीची धाकटी बहीण वाटते.

नात्याने ते खोटं नाही. मुंगी, मधमाशी आणि गांधीलमाशी एकाच गणातल्या. कामाच्या बाबतीत मात्र फरक मोठा आहे. मधमाशीचं अंग केसाळ, त्याला पराग चिकटतो. बहुतेक मुंग्यांचं अंग गुळगुळीत. मधमाशी उडत या झाडावरून त्या झाडावर जाते. कामकरी मुंगीला पंख नाहीत, ती ज्या झाडावर चढली त्याच झाडाची दहा फुलं फिरून खाली उतरते. एका झाडाचा पराग त्याच झाडाच्या फुलावर पडून पुष्कळ जातींना उपयोग नसतो. तिसरं कारण अधिक विलक्षण आहे. पुष्कळ मुंग्यांच्या छातीच्या मागच्या भागात एक ग्रंथी असते. तिच्यातला स्राव मुंगी अंगाला फासते, त्यामुळे वारुळाच्या दमट अंधारात बुरशी आणि जिवाणू तिला धरत नाहीत. मुंगीचं ते जंतुनाशक. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू बीटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली दाखवलं की मुंगीच्या अंगाचा स्पर्श झालेल्या परागकणांची रुजण्याची ताकद कमी होते. म्हणजे ज्या औषधाने मुंगी जगते, त्यानेच पराग मरतो.

हे वाचून मी खूष झालो होतो, पण पुढे वाचत गेल्यावर एक मेख निघाली. आपल्याकडे फुलांवर सर्वांत जास्त दिसणारा मोठा काळा मुंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, याला ही ग्रंथीच नसते. कॅम्पोनोटस प्रजातीतल्या बहुतेक जातींत ती नाही, झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंगीतही नाही. तेव्हा 'मुंगी पराग मारते' हे सरसकट विधान आपल्या मुंगळ्यावर लादता येत नाही. त्याच्याविरुद्धचे पहिले दोन मुद्दे, गुळगुळीत अंग आणि पायी चालणं, तेवढे उरतात. मुंग्यांकडून परागीभवन करून घेणारी झाडंही जगात आहेत. अमेरिकेतल्या एका जमिनीलगतच्या, अगदी बारीक फुलांच्या वनस्पतीवर जेम्स हिकमन यांनी 1974 साली तसं दाखवून दिलं. पण ती उदाहरणं बोटांवर मोजण्यासारखी.

पळसावर हे सगळं उघड दिसतं. माघ-फाल्गुनात पळस पेटला की मुंगळे खोडावरून वर जातात. पळसाचं फूल मात्र बंद नावेसारखं. ते उघडायची युक्ती जांभळ्या सूर्यपक्ष्याला जमते. तो चोच घालतो, पराग त्याच्या अंगाला लागतो, तो दुसऱ्या झाडावर जातो. दिल्लीच्या संशोधकांनी 2003 साली पळसावर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सूर्यपक्षी हाच खरा परागवाहक ठरला, आणि थोडं काम खारीही करतात असं आढळलं. मुंगळ्याच्या वाट्याला येतात ती पक्ष्याने उघडून ठेवलेली किंवा खारीने कुरतडलेली फुलं. तो उरलंसुरलं चाटतो. लग्नघरी मागच्या दाराने जेवून जाणारा पाहुणा म्हणा. चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण शास्त्रात त्याला चोरच म्हणतात.

झाडांनाही हा पाहुणा परवडत नाही. साखर करायला ऊन, पाणी, पानांची मेहनत लागते. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात केलेल्या कामातून एक गमतीची गोष्ट पुढे आली होती. मकरंद देणाऱ्या पुष्कळ झाडांवर काही फुलं मुद्दाम कोरडी असतात. भरलेल्या फुलांच्या गर्दीत ती खपून जातात. खऱ्या परागवाहकालाही झाड जिथे असा हात राखून वाढतं, तिथे फुकट्याला ते मोकळं सोडेल कसं?

परसातलं घोसाळं घ्या. वेलाला पिवळं फूल येतं, आणि फुलाच्या मागे, पुष्पकोशावर आणि छदांवर बारीक ग्रंथी असतात. मुंगळे तिथे तासन् तास असतात. फुलाच्या आत मात्र फारसे जात नाहीत. बनारस हिंदू विद्यापीठातल्या विनिता अग्रवाल आणि नीलकमल रस्तोगी यांनी 2008 साली नेमकी हीच गोष्ट अभ्यासली. त्यांच्या मांडणीप्रमाणे फुलाच्या भागांत मुंग्यांना नकोशी वाटणारी द्रव्यं असतात, त्यामुळे बाहेरच्या ग्रंथींवर आलेली मुंगी फुलाच्या कामात अडथळा आणत नाही. ओसरीवर चहा द्यायचा, पण देवघरात येऊ द्यायचं नाही, असा हा व्यवहार आहे. घोसाळं वनस्पतिशास्त्राच्या बाहेरही फार उपयोगी आहे, पण त्याच्या भज्यांबद्दल पुन्हा कधी.

टाकळा त्याहून पुढे गेलेला. पावसाळ्यात गावाच्या कडेला, उकिरड्यावर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टाकळा माजतो. त्याच्या पिवळ्या फुलात मकरंद नसतोच. माशीला तिथे फक्त पराग मिळतो, तोही फूल धरून अंग थरथरवल्यावर झडतो. आणि ज्या झाडाने फुलात साखर ठेवली नाही, त्याने पानाच्या दांड्यावर मात्र ठेवली आहे. खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये एक बारीक, उभी, नारिंगी-तपकिरी काडी दिसते. भिंग लावलं की टोकाशी ओल दिसते. टाकळ्याच्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या असतात. आता कोडं सुटायला लागतं. साखर परागासाठी नाही, पहाऱ्यासाठी आहे.

ही कल्पना दीडशे वर्षांची. इटलीचे फेदेरिको डेलपिनो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा झाडांची जंत्री करायला घेतली आणि म्हटलं की झाड मुंग्यांना पगारावर ठेवतं. थॉमस बेल्ट या खाण अभियंत्याने 1874 साली निकाराग्वाबद्दल लिहिलेल्या पुस्तकात तिथल्या एका बाभळीचं वर्णन केलं. तिच्या पोकळ काट्यांत मुंग्या राहतात, तिच्या ग्रंथी चाटतात आणि झाडाला शिवणाऱ्या प्रत्येकावर तुटून पडतात. अनेकांना ही कविकल्पना वाटली. 1966 साली डॅनियल जॅन्झन यांनी काही बाभळींवरच्या मुंग्या काढून टाकल्या आणि वाट पाहिली. मुंग्या गेलेल्या झाडांना किड्यांनी खाल्लं, वेलींनी वेढलं. त्यानंतर या विषयाला कोणी हसलं नाही. 2013 साली वेबर आणि कीलर यांनी जगभरची मोजदाद प्रसिद्ध केली, तेव्हा फुलाबाहेर मकरंद देणाऱ्या 3941 जाती भरल्या, 108 कुळांतल्या.

आपल्याकडेही या कामाची परंपरा आहे. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉबर्ट राउटन यांनी 1892 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 'आपल्या मुंग्या' या अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. ते मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडच्या ऑगस्ट फोरेल यांच्याकडे पाठवत, आणि फोरेल त्यांची वर्णनं त्याच मुंबईच्या नियतकालिकात छापत, चक्क फ्रेंचमध्ये. 1903 साली बिंगहॅम यांचा मुंग्यांचा जाडजूड खंड आला. माझं निम्मं शिक्षण त्यातल्या रेखाचित्रांवर झालं. 2016 च्या सूचीत भारतातल्या मुंग्यांच्या 828 जाती-उपजाती आहेत. पण या सगळ्यात नावं जास्त, वागणूक कमी. वागणुकीवर आपल्याकडे जे उत्तम काम झालं ते बहुतेक पश्चिम घाटात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रेनी बोर्जेस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हम्बोल्टिया नावाच्या झाडावर वर्षानुवर्षं काम केलं. त्याच्या फुगीर, पोकळ पेरांत मुंग्या राहतात आणि कोवळ्या पानांवरचा मकरंद पितात. त्यांनी दाखवलं की तिथे राहणारी प्रत्येक मुंगी राखण करत नाही. काही नुसत्याच भाडं बुडवणाऱ्या. आमच्या कोरड्या पानगळीच्या जंगलाकडे हे भिंग अजून फारसं वळलेलं नाही.

तर ऐन. फेब्रुवारीपासून त्याची पानं झडू लागतात. उन्हाळ्याच्या शेवटी पालवी येते, आणि तिच्या आगेमागे मोहोर. फुलं मळकट पांढरी, बारीक, पाकळ्या नसलेली, उघड्या वाटीसारखी. तिथे माश्या, मधमाश्या, भुंगेरे सगळे येतात, मुंग्याही येतात, कारण वाटीला झाकणच नाही. म्हणजे घोसाळ्याची कडक शिस्त ऐनाकडे नाही. पण मोहोर काही आठवड्यांचा, आणि पानाचा मकरंद जोवर पान कोवळं तोवर. माझ्या वह्यांत पान जून, चामड्यासारखं झालं की थेंब आणि मुंग्या दोन्ही कमी होतात. ज्या दिवसांत पान अळीला सर्वांत चविष्ट, त्याच दिवसांत पहारेकऱ्याचा पगार चालू. नंतर बंद. इतका काटेकोर हिशेब आमच्या रोजगार हमीच्या हजेरीपटातही नसतो.

धुऱ्यावरच्या ऐनावर मला नेहमी चार-पाच प्रकार दिसतात. मोठा काळा मुंगळा, जो उन्हाळ्यात संध्याकाळनंतरच जोरात असतो. त्याचाच सोनेरी पोटाचा भाऊ, कॅम्पोनोटस सेरिसियस, जो भर सकाळीही फिरतो. बदामाच्या आकाराचं पोट पाठीवर उलटं उचलून चालणारी क्रेमॅटोगॅस्टर. तिचं शेण-लगद्यासारखं तपकिरी घर फांदीवर असतं. तांबड्या छातीची, काळ्या डोक्या-पोटाची, लांबट टेट्रापोनेरा, जिचा डंख ज्याने एकदा खाल्ला तो विसरत नाही. आणि ओलाव्याच्या जागी, गडचिरोलीच्या दक्षिणेकडे अधिक, पानं शिवणारी लाल मुंगी. भामरागडकडे माडिया लोक तिची आंबट चटणी करतात. तशाच चटणीला ओडिशात 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

या साऱ्या एकाच थेंबासाठी येतात, पण वागतात वेगळ्या. मुंगळा पितो आणि निघतो. त्याच्या पोटात एक सामायिक पिशवी असते, ती भरून तो घरी जातो आणि तोंडाला तोंड लावून इतरांना पाजतो. क्रेमॅटोगॅस्टर गाठीवर ठाण मांडते आणि दुसऱ्या मुंगीलाही हाकलते. लाल मुंगी तर सगळं झाडच आपलं मानते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मोठ्या मुंगीला साखर पुरते. ती तिचं इंधन. पण वारुळातल्या अळ्यांना वाढायला प्रथिनं लागतात, आणि मकरंदात ती जवळजवळ नसतात. साखर पिऊन तरतरीत झालेली, पण घरच्या पोरांसाठी मांस शोधणारी मुंगी त्याच पानावर फिरत असते. तिला एखादी अळी, किड्याची अंडी दिसली की काम झालं. झाडाने पहाऱ्याचा करार केलेला नाही. त्याने फक्त भुकेल्या शिकाऱ्याला नेमक्या जागी रेंगाळायला लावलं आहे. काही अभ्यासकांचं म्हणणं असंही आहे की मुंग्यांनी माव्यासारख्या रसशोषक किड्यांना पाळू नये म्हणून झाड त्यांना परस्पर साखर देतं. दोन्ही खरं असू शकतं.

जॅन्झनचा प्रयोग लहान प्रमाणात कोणालाही करता येतो. एका झाडाच्या दोन सारख्या फांद्या निवडायच्या. एकीच्या बुडाशी कापडाची पट्टी गुंडाळून त्यावर ग्रीस लावायचं, आणि ती फांदी दुसऱ्या कशाला टेकत नाही हे पाहायचं. मग दोन्हींवरची कुरतडलेली पानं दर आठवड्याला मोजायची. मी हे दोन पावसाळे केलं. निष्कर्ष म्हणून मांडावं एवढं ते नाही. क्रेमॅटोगॅस्टर किंवा लाल मुंगी असलेल्या झाडांवर पट्टीच्या फांदीची पानं जास्त खाल्लेली दिसली. नुसते मुंगळे असलेल्या झाडांवर फरक जाणवला नाही. हम्बोल्टियाच्या भाडं बुडवणाऱ्यांची आठवण मला तेव्हा झाली.

आता कोशाकडे. ऐन आणि अर्जुन ही टसरच्या पतंगाची, अँथेरिया मायलिटाची, खाद्यझाडं. रेशमाचा तुतीचा किडा घरात टोपल्यांत वाढतो. टसरची अळी उघड्या रानात, झाडावरच. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा तिचा महाराष्ट्रातला पट्टा, आणि आरमोरी हे त्यातलं जुनं नाव. ढिवर समाजातली अनेक कुटुंबं पिढ्यान् पिढ्या हे करत आली. वर्षाला तीन पिकं निघू शकतात, पहिलं पावसाळ्याच्या तोंडाशी. अंड्यांतून निघालेल्या बारीक अळ्या कोवळ्या पालवीवर सोडतात. महिना-सव्वा महिना, चार वेळा कात टाकत, ती बोटाएवढी हिरवीगार होते आणि मग टणक कोष करून फांदीला देठाने लटकते. या काळात माणूस झाडाखालून हलत नाही. दिवसा पाखरं, गांधीलमाश्या. आणि सगळ्यात वाईट पहिल्या दोन कातींपर्यंत, मुंग्या. पाखराला हाकलता येतं, गलोल मारता येते. मुंगीला आरोळी ऐकू येत नाही.

ऐनाच्या दृष्टीने टसरची अळी म्हणजे काय? पानं फस्त करणारा किडा. ज्या शत्रूसाठी त्याने पानोपानी थेंब ठेवले, तोच. माणसाने तो शत्रू शेकड्याने आणून, नेमका पालवीच्या वेळी, नेमका गाठी वाहत असताना, झाडावर सोडला. झाड आपलं काम करतं, मुंगी आपलं, आणि ज्याचं वर्षाचं पीक त्या पानावर आहे तो माणूस अळीच्या बाजूने उभा. कीटकशास्त्राच्या पुस्तकांत लाल मुंगी दोन प्रकरणांत येते. फळबागेच्या प्रकरणात ती शेतकऱ्याची मैत्रीण. चीनमध्ये संत्र्यांच्या बागांसाठी तिची घरटी विकली जात असल्याचा उल्लेख चौथ्या शतकाइतका जुना मानतात. टसरच्या प्रकरणात तीच मुंगी शत्रूंच्या यादीत. मुंगी दोन्हीकडे एकच काम करते आहे.

कोसा उत्पादक यावर जे करतात ते पिढ्यांच्या अनुभवातून आलेलं आहे. झाडाखालचं रान साफ करतात, वारुळं पाहून ठेवतात, बुंध्याभोवती राख टाकतात, लाल मुंग्यांची घरटी असलेली फांदी आधीच तोडतात. अलीकडे लहान अळ्या नायलॉनच्या जाळीत वाढवण्याची शिफारस होते. जाळीने पाखरं आणि माश्या थांबतात. बारीक मुंगीला मात्र बुंध्यावरची वाट उरते. भरीला एक अडचण आहे, जी मला कुठे लिहिलेली सापडली नाही. भरपूर कोवळा पाला मिळावा म्हणून ऐनाची छाटणी करतात. छाटलेल्या झाडाला फुटवे येतात, प्रत्येक फुटव्याच्या प्रत्येक नव्या पानामागे नव्या गाठी, आणि म्हणून नवा थेंब. न छाटलेल्या शेजारच्या झाडापेक्षा छाटलेल्या झाडावर मला मुंग्यांची रांग जाड दिसते. कोवळ्या पाल्याशिवाय लहान अळी जगत नाही, आणि कोवळा पाला मुंगी बोलावतो. त्या आरमोरीच्या बाबांनी 'कटकट' म्हटलं ती हीच.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, थोडं साखरपाणी झाडाच्या बुडाशी ठेवलं तर मुंग्या खालीच थांबतील का? बाबा म्हणाले, "ठेवून पाह्यलं नं भाऊ. पाहुणे वाढते." थोडक्यात प्रयोग आधीच झाला होता, फक्त कुठे छापला नव्हता.

साखर बंद करूनच टाकली तर, असा विचार कापसाच्या बाबतीत झालेला आहे. वरोरा, राजुरा, कोरपना या चंद्रपूरच्या पश्चिम भागात पऱ्हाटीचं पान उलटून पाहा. मधल्या शिरेवर एक खळगी असते, मुंग्या तिथेही पितात. पण त्याच खळगीवर बोंडअळीचे पतंगही पोट भरतात, म्हणून अमेरिकेत संशोधकांनी एका रानटी कापसाकडून गुण घेऊन 1960 च्या आसपास बिनमकरंदाची पऱ्हाटी तयार केली. काही किडी कमी झाल्या, पण मित्रकीटकही कमी येऊ लागले. ऐनाच्या बाबतीत असं काही करता येत नाही, आणि करू नये असं माझं मत आहे. कोसा काही झाडांवर पिकतो. बाकीच्या लाखो ऐनांना त्यांचे पहारेकरी हवेत.

त्या पहारेकऱ्यांच्या घरांना धोका दुसरीकडून आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात. मोहफूल हीच एक साखरेची गोळी. उजाडण्याआधी मुंगळे आणि मुंग्या तिला लागलेल्या असतात, आणि माणसांचीही तीच वेळ. पाचोळ्यात पडलेली फुलं वेचता येत नाहीत म्हणून झाडाखाली आग लावून जमीन साफ करायची पद्धत आहे. आमच्याकडे त्यामागे भीतीही आहे. पहाटे वाकून फुलं वेचणाऱ्या बाईला पाचोळ्याआडचा वाघ दिसत नाही, आणि ताडोब्याच्या भोवती, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे माणसं गेली आहेत. शहरातून आलेला कोणी 'आग लावू नका' म्हणतो तेव्हा हे त्याला माहीत नसतं. पण ती आग मोहाखाली थांबत नाही. माती उष्णता खोल जाऊ देत नाही, त्यामुळे जमिनीत खोल वारूळ करणारा मुंगळा बहुधा वाचतो. पाचोळ्यात, वाळक्या काडक्यांत, खाली पडलेल्या पोकळ फांद्यांत राहणाऱ्या मुंग्या मात्र जागच्या जागी जातात. जळलेल्या तुकड्यात जूनमध्ये ऐनाला पालवी फुटते, गाठींवर थेंब येतो, आणि मला तिथे मुंगळ्यांशिवाय फारसं कोणी दिसत नाही. न जळलेल्या तुकड्यात पाच प्रकार, जळलेल्यात दोन, क्वचित तीन. माझी जागा लहान, झाडं मोजकी. तरी चार वर्षं हेच चित्र आहे.

काही गावांत बाया आता मोहाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरतात. फूल स्वच्छ मिळतं, भावही बरा येतो, आणि पाचोळा जाळावा लागत नाही. वाघाचा प्रश्न त्याने सुटत नाही, तिथे चार जणींनी मिळून जाणं आणि उजाडायची वाट पाहणं हेच आहे. पण साडी अंथरलेल्या झाडाभोवतीचे ऐन मी वेगळ्या वहीत टिपायला घेतले आहेत.

वाचकांपैकी कोणाला हे पाहायचं असेल तर दिवाळी ही चांगली वेळ आहे. ऐनाच्या जून पानांवर आता काही मिळणार नाही, गाठी सुकून काळ्या पडल्या असतील. टाकळ्यालाही शेंगा धरून तो वाळू लागला असेल. पण कुंपणावरच्या घोसाळ्याला अजून फुलं असतात. सकाळी सातच्या सुमारास एक फूल निवडा आणि दहा मिनिटं बसा. किती मुंग्या फुलाच्या आत गेल्या आणि किती मागच्या ग्रंथीवर थांबल्या, हे दोन आकडे वेगळे लिहा. नाव माहीत नसलं तरी चालेल. काळी मोठी, काळी बारीक, लाल, पोट उचलणारी, एवढं लिहिलं तरी पुरे. ज्यांच्या धुऱ्यावर ऐन आहे त्यांनी एका फांदीला आत्ताच चिंधी बांधून ठेवावी, म्हणजे मृगात तीच फांदी सापडेल. माझ्या यंदाच्या फांद्यांना लाल चिंध्या आहेत: सहा साडीवाल्या मोहांजवळच्या ऐनांवर, सहा जळलेल्या तुकड्यातल्या ऐनांवर.